बंद घरातले भूत

कोकणातील कोणत्याही गावात एस.टी.तून उतरावे आणि पाणंदीने वाडीकडे चालू लागावे. दहापाच नांदत्या घरांनंतर एक घर असे लागतेच की, ज्याच्या दाराचे कुलूप गंजून कोयंड्याशी एकजीव झालेले असते, ज्याच्या खळ्यात वृंदावन उभे असते पण तुळस नसते, आणि ज्याच्या कौलांतून उंबराचे एखादे रोप आकाशाकडे निघालेले असते. त्या घरासमोरून जाताना वाटसरूची पावले नकळत जलद होतात. बरोबर लहान मूल असेल तर त्याचा हात थोडा घट्ट धरला जातो. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘तिथे थांबू नये.’ का थांबू नये, हे मात्र दिवसाउजेडी कोणी सांगत नाही. ते ऐकायचे तर वीज गेलेली रात्र हवी आणि अंगाला अंग लावून बसलेली मुले हवीत.

हा अनुभव एकट्या कोकणाचा नाही. देशावर पडके वाडे आहेत, विदर्भात मालगुजारांच्या ओसाड हवेल्या आहेत, आणि प्रत्येकाच्या नावावर एकदोन भुते हटकून जमा आहेत. भुतांची नावे प्रदेशागणिक बदलतात. कुठे मुंजा, कुठे समंध, कुठे हडळ, कुठे जखीण. पण कथेचा सांगाडा विलक्षण सारखा असतो. एक श्रीमंत घराणे, त्या घरात छळली गेलेली किंवा विहिरीत सापडलेली एक स्त्री, जमिनीत पुरलेला एक हंडा, त्या हंड्यावर बसलेला एक नाग, आणि शेवटी ‘या वंशाला दिवा राहणार नाही’ असा एक शाप. एवढे साहित्य हाताशी असले की कोणत्याही बंद घराची कथा एका संध्याकाळीत उभी राहते.

अशा कथांकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक, त्या मुकाट्याने खऱ्या मानायच्या. दुसरी, त्यांना अडाण्यांची भाकडकथा म्हणून हसायचे. पहिली रीत भाबडेपणाची आणि दुसरी शहाणपणाची, असे आपण समजतो. वास्तविक पाहता दोन्ही रीती सारख्याच आळशी आहेत. मानणारा चौकशी करीत नाही, कारण त्याला भीती वाटते. हसणारा चौकशी करीत नाही, कारण त्याला तिची गरज वाटत नाही. घर ओस का पडले, या साध्या प्रश्नाला दोघेही हात घालत नाहीत. आणि खरी गोष्ट तर त्या प्रश्नातच असते.

घरे ओस का पडली?

घर भुतामुळे ओस पडत नाही. घर ओस पडल्यावर तिथे भूत येते. हा क्रम एकदा ध्यानात घेतला की बरेचसे कोडे सुटते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपुरते बोलायचे तर त्यांचा गेल्या दीड शतकाचा इतिहास हा माणसे बाहेर जाण्याचा इतिहास आहे. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत कोकणातल्या तरुण हातांना घाटाखालच्या दोन गुंठ्यांपेक्षा गिरणीच्या भोंग्याचा भरवसा अधिक वाटू लागला. पुरुष मुंबईस, बायकामुले गावी, आणि गणपतीला सगळे एकत्र, अशी दोन चुलींची संसारपद्धती तयार झाली. पुढे बायकामुलेही मुंबईस गेली. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव उद्ध्वस्त झाले. पण तेव्हाही गावाकडे परतलेल्यांपेक्षा मुंबईच्या कडेकडेने वसई-विरार, दिवा, बदलापूरकडे सरकलेल्यांची संख्या डोळ्यांत भरणारी होती. गावचे घर वर्षातून पाच दिवस उघडायचे ते दोन दिवस उघडू लागले, आणि मग एका वर्षी उघडलेच नाही.

शिरगणतीचे आकडे हीच गोष्ट कोरड्या भाषेत सांगतात. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाची लोकसंख्याही त्याच दशकात घटली. सारा महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढत असताना हे दोन जिल्हे आकसत होते. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्याचा अर्थ तिथे मुलींचे भाग्य थोर आहे असा नव्हे. तिथले पुरुष अन्यत्र आहेत, एवढाच आहे.

याच्या जोडीला जमिनीचे कायदे आले. खोती पद्धत कुळांच्या मानेवर किती काळ बसली होती, हे नव्याने सांगायला नको. अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सहा वर्षे चालला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कूळ जमिनीचा मालक ठरला. हे न्यायाचेच झाले. पण ज्या मोठ्या घरांचा डोलारा दुसऱ्याच्या घामावर उभा होता, त्यांना तो पेलेनासा झाला. धान्याने भरणारी कणगी रिकामी झाली, गडीमाणसे आपापल्या शेतावर गेली, मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली. चौकटीवर गणेशपट्टी तशीच राहिली; आत नांदणारे कोणी उरले नाही.

यातूनही जे घर तगले असते, ते वाटण्यांनी मारले. आजोबांच्या नावावरचे घर, त्यांना पाच मुलगे व तीन मुली, त्यांची मुले, त्यांची नातवंडे. आज उताऱ्यावर तीसचाळीस नावे असतात. त्यांतील काही माणसे परदेशी, काही हयात नाहीत, काहींचे एकमेकांशी बोलणे नाही. एकट्याने दुरुस्ती करावी तर इतरांना तो मालकी सांगतो असे वाटते. सर्वांनी मिळून करावी तर सर्व एकत्र येत नाहीत. अशा घरात आढ्यावरचे एक कौल सरकले की पुरे. कोकणात पाऊस तीन-तीन हजार मिलिमीटर पडतो. पाणी आढ्यातून वाशांत, वाशांतून मातीच्या भिंतीत उतरते, वाळवी उरलेले काम पुरे करते आणि चारसहा पावसाळ्यांत नांदते घर ढिगाऱ्याला लागते. शाप म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा सरकलेले एक कौल आणि न झालेली एक सही एवढेच असते.

आवाजांचेही तसेच. रात्री माळ्यावर कोणीतरी चालते, ही तक्रार खोटी नसते. कांडेचोर चालतो, उंदरांमागे मांजर धावते. दिवसभर तापलेले लाकूड रात्री थंड होताना कटकन आवाज करते. गव्हाणी घुबडाचा चिरका चीत्कार ज्याने ऐकला आहे, त्याला माणसाची किंकाळी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या काही रानांत कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट उजळते. घर नांदते असताना हेच आवाज असतात. पण तेव्हा ते माणसांच्या आवाजाखाली दबलेले असतात.

एका घराची गोष्ट

माझ्या आजोळच्या गावी असे एक घर होते. सारे गाव त्याला ‘वरचे घर’ म्हणे. त्याची कथा मी वयाच्या आठव्या वर्षी ऐकली. नवी सून लग्नानंतर वर्षाच्या आत अंगावरच्या दागिन्यांसह परसातल्या विहिरीत उतरली. आठवड्याभरात तिने घरातली चार माणसे ओढून नेली. तेव्हापासून रात्री ओटीवर बांगड्या वाजतात. कोणी सांगे, सासूने छळले. कोणी सांगे, मुलीचेच पाऊल वाकडे पडले होते. दुसरे सांगताना बोलणाऱ्याचा आवाज किंचित खाली येई आणि ऐकणाऱ्यांचे कान किंचित पुढे येत. आम्ही मुले पैज लावून त्या खळ्यात दगड टाकून पळत असू. त्या सुनेचा मला फार राग येई, कारण तिच्यामुळे मला रात्री परसाकडे एकट्याने जाता येत नसे.

पुढे पुष्कळ वर्षांनी, नोकरीतून मोकळा झाल्यावर, गावच्या शाळेचा जुना इतिहास जमवण्याच्या निमित्ताने मी तालुक्याच्या अभिलेख कक्षात काही दिवस बसलो. तेथील एका लिपिकाने मोठ्या आस्थेने जुनी दप्तरे काढून दिली. त्यांत आमच्या गावची कोतवाल बुके होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : गावातील जन्ममृत्यूच्या नोंदी पूर्वी गाव नमुना नंबर १४ मध्ये होत, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. अक्षर मोडी होते. मला मोडी अडखळत येते, पण नावे आणि आकडे लागतात.

१९१८ सालच्या ऑक्टोबर महिन्याची पाने उलटताना वरच्या घराचे नाव समोर आले. अकरा दिवसांत पाच मृत्यू. म्हातारा, म्हातारी, एक थोरला मुलगा, एक दोन वर्षांचे मूल आणि सर्वांत शेवटी सून, वय वर्षे सतरा. पाचही नावांपुढे कारण एकच लिहिले होते : ‘ताप’. त्याच महिन्यात गावात इतरही अनेक घरांपुढे तोच शब्द होता. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत उतरलेला इन्फ्लुएन्झा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा, अधिक उग्र होऊन फिरला आणि हिंदुस्थानात त्याने कोटीहून अधिक माणसे नेली, हे पुस्तकातून मला माहीत होते. ते माझ्या आजोळच्या पाणंदीने वर चढले होते, हे मात्र तोवर माहीत नव्हते.

सून विहिरीत उतरली नव्हती. ती तापाने गेली होती, आणि सर्वांच्या मागून गेली होती. म्हणजे घरातली चार माणसे अंथरुणाला खिळलेली असताना त्यांच्या तोंडात पाणी घालणारी बहुधा तीच असणार. वय सतरा. जी शेवटपर्यंत उभी राहिली असावी, तिलाच गावाने पुढची शंभर वर्षे हडळ म्हणून उभे केले. मी त्या नोंदीत तिचे नाव शोधले. नाव नव्हते. ‘अमक्याची बायको’ एवढेच लिहिले होते. माहेरचे नाव नाही, सासरचे नाव नाही. तिचे स्वतःचे असे जे काही मागे उरले, ते म्हणजे आम्ही पोरांनी तिच्या अंगणात टाकलेले दगड.

त्या दिवशी मला पहिल्यांदा या कथांची खरी भीती वाटली. भूत खरे असेल म्हणून नव्हे. खोटे असेल तर त्याची किंमत कोणी दिली, हे कळले म्हणून. बंद घरांच्या कथा तपासून पाहा. हडळ, जखीण, लावसट ही सारी स्त्रियांची रूपे आहेत. बाळंतपणात गेलेली, विधवा, निपुत्रिक, नवऱ्याने टाकलेली, अशा स्त्रियांवरच ती लादली जातात. ज्या घरात सुनेचा खरोखरच छळ झाला, तिथे तर ही कथा अधिकच सोयीची ठरते. मारणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. मरणारीचे मात्र भूत होते. जिवंतपणी जिचे कोणी ऐकले नाही, तिच्या मरणोत्तर किंकाळ्या मात्र सारे गाव चवीने ऐकते. हा न्याय नव्हे. हा गुन्हा पुरण्याचा एक प्रकार आहे.

हंड्याची हाव

वरच्या घराची कथा इथेच संपली असती तर बरे झाले असते. परंतु ज्या कथेत दागिने आहेत, त्या कथेच्या मागे कुदळ येतेच. काही वर्षांपूर्वी एका अमावास्येनंतर सकाळी गावकऱ्यांना दिसले की ओटीलगतच्या खांबाच्या तळाशी कमरेइतका खड्डा आहे, शेजारी लिंबे व हळदकुंकू आहे आणि एक फुटके जाते बाहेर टाकलेले आहे. खोदणाऱ्यांना काही मिळाले नसावे. खांबाचा आधार मात्र सुटला. त्या पावसाळ्यात ओटीवरचे सारे छप्पर खाली बसले. गाव म्हणाले, बाईने घर पाडले. मला विचाराल तर ते घर भुताने पाडले नाही. भुतावरच्या विश्वासाने पाडले.

छपरावर भागले हे त्यातल्या त्यात सुदैव. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधन आणि संतानप्राप्तीच्या लालसेतून जी हत्यासत्रे झाली, त्यांत लहान मुली आणि स्त्रियांचे बळी गेले. त्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. पण हादरणे आणि बदलणे यांत अंतर असते. जादूटोणा व नरबळीविरोधी कायदा होण्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले, आणि तेही त्या वर्षीच्या २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये या कायद्याने गुन्हा ठरतात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. याखेरीज जमिनीत सापडलेल्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्यापासून आहेच. कायदे आहेत. परंतु मध्यरात्री कंदील घेऊन खोदायला जाणारा माणूस कायद्याचे पुस्तक वाचून जात नाही. तो कथा ऐकून जातो. म्हणून कथेची चौकशी ही केवळ हौसेची बाब राहत नाही.

कुतूहलाचा बाजार

आता या कुतूहलाला बाजारही मिळालेला आहे. राजस्थानातील भानगडच्या किल्ल्यात सूर्यास्तानंतर प्रवेशास मनाई असल्याची पाटी पुरातत्त्व खात्याने लावली आहे. संरक्षित स्मारके बहुतेक ठिकाणी सूर्यास्तास बंद होतात, हे विसरून लोकांनी ती पाटी म्हणजे भुतांना मिळालेले सरकारी प्रमाणपत्र मानले. जैसलमेरजवळच्या कुलधरा या ओसाड गावाबद्दल असे सांगतात की, एका दिवाणाच्या वाईट नजरेपासून मुलीला वाचवण्यासाठी पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावे सोडली. अभ्यासकांनी पाण्याची टंचाई, सारावसुलीचा जाच, भूकंप अशी अनेक कारणे पुढे मांडली आहेत. पण एका रात्रीची कथा जितकी खपते तितकी आटत गेलेल्या विहिरीची कथा खपत नाही.

आपण वृत्तपत्रवाल्यांनीही हात झटकू नयेत. इंग्लंडमधील बोर्ली गावच्या धर्मोपदेशकाचे जुने घर १९२९ साली एका लंडनच्या दैनिकाने वार्ताहर पाठवून प्रसिद्धीस आणले. हॅरी प्राइस या भूतसंशोधकाने त्यावर पुस्तके लिहून ते ‘इंग्लंडमधील सर्वांत झपाटलेले घर’ म्हणून गाजवले. घर १९३९ साली जळाले, १९४४ साली पाडले गेले, आणि १९५६ साली तिघा अभ्यासकांनी साऱ्या पुराव्याची छाननी करून त्यातील बरेचसे चमत्कार फोल ठरवले. तरीही लोक ती जागा पाहायला जातच राहिले. आपल्याकडे २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील चित्रीकरणाचे घर पाहायला गाड्या भरून माणसे येऊ लागली. आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कॉलेजची मुले रात्री कुंपण ओलांडून अशा घरांत शिरतात, किंचाळतात, ते चित्रित करून जगभर पाठवतात. कुजलेली तक्तपोशी, बिनकठड्याची विहीर आणि अडगळीतला विषारी साप यांना मात्र कॅमेऱ्याची भीड नसते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या घरातलेच आहे. खेड तालुक्यातील जगबुडी नदीकाठचे तुंबाड हे गाव. श्री. ना. पेंडसे यांनी १९८७ साली ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी लिहिली आणि एका खोत घराण्याच्या कित्येक पिढ्यांचा उत्कर्ष, माज आणि ऱ्हास तीत मांडला. २०१८ साली त्याच गावाचे नाव घेऊन एक चित्रपट आला. त्यात वाडा आहे, पुरलेले धन आहे आणि धनाची राखण करणारा राक्षस आहे. चित्रपट कलाकृती म्हणून उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आज एखाद्या विद्यार्थ्याला तुंबाड म्हटल्यावर काय आठवते, हे विचारून पाहावे. राक्षस आठवतो, खोत आणि कुळे आठवत नाहीत. धनाच्या हावेने घर बुडते, हे दोघेही सांगतात. परंतु धन आले कोठून, कोणाच्या शेतातून आले, हे सांगण्याचे काम कादंबरीने केले आहे.

कोणी म्हणेल, ‘अहो, एवढे गंभीर कशाला होता? गावात दुसरी करमणूक ती काय? कथा गेली तर गावाची चव जाईल.’ या आक्षेपात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. ज्या गावाला आपल्या एकाही घराविषयी काही सांगावेसे वाटत नाही, ते गाव दरिद्रीच म्हणायचे. आणि लोककथेत पुष्कळदा सत्याचा अंश असतो, हेही खरे. वरच्या घरात एका आठवड्यात माणसे गेली, हे गावाने विसरलेले नव्हते. आकडाही जवळपास बरोबर होता. चुकले ते कारण आणि चुकला तो आरोप. म्हणूनच मी म्हणतो की कथा फेकू नका, उतरवून घ्या. पण दप्तराशेजारी ठेवून वाचा. सतराव्या वर्षी साथीत राबून गेलेल्या मुलीची गोष्ट ही विहिरीतल्या हडळीच्या गोष्टीपेक्षा कमी चवीची आहे काय? मला तर ती ऐकून आजही झोप लागत नाही.

आपल्या हाती काय आहे?

हे काम विद्यापीठांच्या मोठ्या प्रकल्पांची वाट पाहत बसण्याचे नाही. ते शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या आवाक्यातले आहे. गावातील प्राथमिक शिक्षकाने सातवी-आठवीच्या मुलांकडून गावातील बंद घरांची यादी करून घ्यावी. घर कोणाचे, केव्हा बंद झाले, शेवटी कोण राहत होते, आज वारस कोठे आहेत, आणि लोक त्याविषयी काय सांगतात, एवढे पाच प्रश्न पुरेत. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना आधी विचारावे. त्यांची दप्तरे कोणत्याही अभिलेख कक्षाहून लवकर बंद होतात. मुलांनी घरात शिरायचे कारण नाही; अंगणाबाहेरूनही पुष्कळ दिसते.

कारकुनांविषयी आपण नेहमी खोचकपणे बोलतो. पण मला ती कोतवाल बुके मिळाली ती एका कारकुनाने ती उंदरांपासून जपली होती म्हणून. २०२३ सालापासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर मोडी दप्तरांवरची धूळ झटकली गेली. निमित्त काही असो, त्या दप्तरांत आपला सामाजिक इतिहास आहे हे त्यामुळे सर्वांच्या ध्यानी आले. आता ती कागदपत्रे पुन्हा गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली जाऊ नयेत. तालुक्याच्या गावी मोडीचे छोटे वर्ग निघाले, तर निवृत्त शिक्षकांना याहून चांगला उद्योग सापडणार नाही.

आणि वारसांनी? २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले आहे. घर कोणाचे हे कागदावर ठरते आहे, तर त्याचे काय करायचे हेही ठरवावे. राहणे शक्य नसेल तर कौले शाकारावीत. तेही शक्य नसेल तर वाचनालयाला, अंगणवाडीला किंवा गरजू कुटुंबाला वापरण्यास द्यावे. तेही नको असेल तर रीतसर उतरवून घ्यावे आणि विहिरीला कठडा बांधावा. चाळीस सह्या जमवणे अवघड आहे खरे. पण गणपतीच्या आरतीला चाळीस माणसे जमतात, हेही आपण पाहतोच.

गेल्या वर्षी मी पुन्हा त्या गावी गेलो. वरच्या घराचा आता फक्त जोता उरला आहे. चिरे कोणी कोणी नेले. परसातली विहीर मात्र तशीच आहे, आणि पाणी स्वच्छ आहे. शाळेच्या गुरुजींना मी कोतवाल बुकातली हकीकत सांगितली होती. त्यांनी ती वर्गात मुलांना सांगितली. मी जोत्यावर टेकलो होतो तेव्हा चारपाच मुली शाळेतून परत येत होत्या. त्यांतली एक थांबली, माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘आजोबा, त्या बाईचं नाव काय होतं हो?’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण शंभर वर्षांत त्या घरासमोर उभे राहून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो विचारला जाऊ लागला, की त्या घरात भुताला राहायला जागा उरत नाही.